माननीय सूचनाफलक महोदयांस पालकवर्गाचे अनावृत पत्र

प्रति,
माननीय सूचनाफलक महोदय,
मुक्काम : जिन्याखालची भिंत, कोणतेही संलग्न महाविद्यालय, जिल्हा जालना.

विषय : दुसऱ्या सत्रात विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना माहितीत व सहभागात ठेवल्याबद्दल आभार मानण्याबाबत.

संदर्भ : महोदयांच्या काचेआड लावलेली, उन्हाने शाई उडालेली व त्यामुळे दिनांक वाचता न येणारी सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून निदर्शनास आणून देण्यात येते की, जालना जिल्ह्यातील पदवीच्या वर्गांत शिकणाऱ्या मुलामुलींचे आईवडील महोदयांचे अत्यंत ऋणी आहेत. कारण डिसेंबर-जानेवारीत सुरू होऊन एप्रिल-मेच्या परीक्षांनी संपणाऱ्या दुसऱ्या सत्रातील प्रत्येक महत्त्वाची बाब, मग ती परीक्षा अर्जाची मुदत असो, विलंब शुल्क असो, अंतर्गत गुणांची यादी असो की शिष्यवृत्तीच्या अर्जात निघालेली त्रुटी असो, महोदयांनी वेळच्या वेळी जाहीर केलेली आहे. ती वाचण्यासाठी मंठ्याहून पहिल्या एसटीने यावे लागते, काचेला कुलूप असल्यामुळे वरच्या कागदाखाली दडलेला कागद पाहता येत नाही आणि किल्ली ज्या सेवकाकडे असते तो नेमका त्याच दिवशी रजेवर असतो, ही कारणे निव्वळ प्रशासकीय स्वरूपाची असून त्यांवरून महोदयांच्या कर्तव्यदक्षतेविषयी शंका घेणे उचित होणार नाही. महोदयांची प्रत्येक सूचना ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ अशी सुरू होते. संबंधित कोण, हे मात्र कोठेही नमूद केलेले नसते आणि पालक त्यांत मोडत नाहीत, हे पालकांनी अनुभवाने जाणून घेतलेले आहे.

याबाबतीत कायदाही महोदयांच्याच बाजूचा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे तिसरीतल्या मुलाचा बाप समितीवर बसून शाळेच्या विकास आराखड्यावर बोलू शकतो आणि मिळालेले अनुदान कसे खर्च झाले हे विचारू शकतो. तोच मुलगा बी.एस्सी.ला गेला की २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू होतो. त्यातील महाविद्यालय विकास समितीत, जी वर्षातून किमान चार वेळा भरणे अपेक्षित आहे, संस्थेचे अध्यक्ष व सचिव, प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, शिक्षण, उद्योग, संशोधन व समाजसेवा या क्षेत्रांतील स्थानिक मंडळी, त्यांत एखादा माजी विद्यार्थी, आणि विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी अशा सर्वांची आठवण ठेवलेली आहे. पालक या नात्याने कोणाचीही नाही. दहा वर्षांत त्या बापाची समज कमी झाली, असा काही पुरावा कायदेमंडळासमोर आला असल्यास तो महोदयांच्या काचेआड लावण्यात यावा, म्हणजे संबंधितांना आपली उणीव कळेल.

इतिहासही येथे दुर्लक्षून चालणार नाही. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना उच्च शिक्षणाचे केंद्र १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ होते, त्याचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यातल्या मराठी कुटुंबाला तेथून आलेला कागद वाचता येत नसे, यात नवल नव्हते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले, जालना १ मे १९८१ पासून स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठ साठेक किलोमीटरवर आले आणि कागद मराठीत आला. तरीही ‘एटीकेटी’ म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात बसण्याची सवलत आहे, शिक्षा नव्हे, आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज निकालानंतरच्या ठरावीक दिवसांतच करावा लागतो, हे अंबडच्या आईला सांगणारा कागद अद्याप निघालेला नाही.

कुटुंबाला अजिबात विचारले जात नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार विद्यार्थ्याबरोबर पालकालाही प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि त्याच विनियमांत अशीही तरतूद आहे की, पहिले वर्ष पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना संस्थाप्रमुखाने शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस पत्र लिहून रॅगिंगची शिक्षा समजावून सांगावी. म्हणजे दुसऱ्या सत्रात घरी जाईल असे जे पत्र नियमांनी लिहून ठेवले आहे, ते मुलगा भावी गुन्हेगार ठरू नये यासाठीचे आहे. तो पास व्हावा यासाठी पत्र पाठविण्याची निकड कोणास भासलेली नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जातही कुटुंबाला मानाचे स्थान आहे, कारण तेथे उत्पन्न विद्यार्थ्याचे नव्हे तर कुटुंबाचे मोजले जाते आणि तहसीलचा दाखला बापालाच काढून आणावा लागतो. पैसे मोजताना विद्यार्थी कुटुंबाचा घटक असतो आणि माहिती देताना तो अठरा वर्षे पूर्ण केलेला सज्ञान नागरिक असतो, ही विभागणी प्रशासनशास्त्राच्या अभ्यासकांनी जरूर तपासावी.

प्रवेश अर्जातील ‘पालकाचा भ्रमणध्वनी’ या रकान्याविषयीही कृतज्ञता व्यक्त करणे क्रमप्राप्त आहे. हा रकाना जूनमध्ये, नेट कॅफेत, पाठीमागे रांग उभी असताना विद्यार्थी स्वतः भरतो आणि त्यात आपलेच दुसरे सिम नोंदवितो. त्यामुळे जानेवारीत ‘आपला पाल्य अनुपस्थित आहे’ असा संदेश निघतो, तो पाल्याच्याच खिशात वाजतो आणि पाल्य पालकाच्या भूमिकेतून त्याची गंभीर दखल घेतो. अहवालात मात्र ‘पालकांशी नियमित संपर्क’ अशी नोंद होते, आणि ती खोटी आहे असे कोणालाही सिद्ध करता येणार नाही.

आता सत्राच्या काळाविषयी. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा या तालुक्यांतील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादम, म्हणजे तोडकऱ्यांची टोळी जमवून ती कारखान्याला पुरविणारा मध्यस्थ, त्यांना उचल देतो. उचल ही हंगामापूर्वी हाती पडणारी आणि हंगामभर ऊस तोडून फेडायची रक्कम असते आणि ती ‘कोयत्या’वर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर, चढलेली असल्यामुळे दोघांपैकी एकालाही मधूनच फड सोडता येत नाही. मुलगा किंवा मुलगी गावी आजीजवळ राहून महाविद्यालय गाठते. आईवडिलांशी बोलणे होते ते रात्री, कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यानंतर, फोनची बॅटरी उरली असेल तर. टोळ्या गावी परततात त्या साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, आणि तोवर परीक्षा अर्जाची विलंब शुल्कासह असलेली मुदतही बहुधा उलटलेली असते. मागे राहिलेल्यांनाही उसंत नसतेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू काढणीला येतात, मोसंबीच्या बागेला पाण्याची जुळवाजुळव करावी लागते, आणि १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केल्यापासून बियाण्यांचा जिल्हा म्हणून मिळालेली ओळख टिकविण्यासाठी कोणाला तरी कंपनीच्या प्लॉटवर राबावे लागते. जालना शहरात सळयांच्या कारखान्यांतला कामगार पाळीने बांधलेला असतो. अशा महिन्यांत, एखाद्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता, महोदयांच्या काचेआडून ‘पालक मेळाव्यास बहुसंख्येने उपस्थित रहावे’ असे आवाहन झळकते. त्याला जे येतात ते शहरातले नोकरदार असतात, ज्यांना मेळाव्यावाचूनही सगळे कळतेच.

या मेळाव्याचा फलक, त्यावरील तारीख आणि छायाचित्र ही नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, फायलीत व्यवस्थित लागतात. पालकांचे अभिप्रायपत्र विद्यार्थी बाकावर बसूनच भरतात. अनेक पालकांची अक्षरे एकमेकांशी इतकी जुळतात की, कौटुंबिक एकोप्याचा तो उत्तम पुरावा मानता येईल.

यापुढील मजकुरात आभाराचा सूर टिकविणे कठीण आहे, याबद्दल महोदयांनी क्षमा करावी. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले असून त्यात श्रेयांकांची पद्धत आहे. श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे माप, आणि एका श्रेयांकासाठी साधारणतः पंधरा तासांचे वर्गातील अध्यापन धरले जाते. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि त्यावर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास विद्यार्थ्याला प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येते आणि तीन वर्षांच्या आत परत येऊन पुढचे शिक्षण घेता येते. कागदावर ही सोय उदार आहे. परंतु बाहेर पडण्याचे हे दार नेमके दुसऱ्या सत्राच्या शेवटी, लग्नसराईत आणि उचलीचा हिशेब पुरा व्हायच्या दिवसांत उघडते; ‘एक वर्ष झाले, सर्टिफिकेट मिळाले, आता बस’ एवढाच अर्धा भाग घरी पोहोचतो आणि परत येण्याच्या तीन वर्षांचा भाग महोदयांच्या काचेआड राहतो. ज्या निर्णयाने पदवी हातची जाऊ शकते, तो निर्णय घेणाऱ्या घराला नियमाचा उत्तरार्ध ठाऊक नसावा, हा हलगर्जीपणा नसून धोरणाचेच अपयश आहे.

याचा अर्थ घरी सर्व काही कळवावे, असा मुळीच नाही. विद्यापीठीय नियमांत ७५ टक्के उपस्थितीची अट आहे आणि ती भरत नाही हे मुलाच्या घरी कळले तर बोलणी बसतात. मुलीच्या घरी कळले तर पुष्कळदा स्थळ बघायला सुरुवात होते, आणि ती गैरहजर का राहिली, एसटीच आली नव्हती का, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यावर शैक्षणिक नोंदींवरील हक्क पालकांकडून विद्यार्थ्याकडे जातो. तरीही तेथील अनेक विद्यापीठे कुटुंबांसाठी वेगळे कार्यालय चालवितात आणि गुण न सांगता वेळापत्रक, शुल्काच्या मुदती आणि अडचणीत कोणाकडे जावे एवढे नियमित कळवितात. आपल्याकडे नेमके उलटे घडते: विद्यार्थ्याची चहाडी घरी पोहोचविण्याची उत्सुकता दांडगी असते आणि व्यवस्थेचे नियम घरी पोहोचविण्याविषयी उदासीनता असते. कुटुंबाला हवी ती माहिती व्यवस्थेची. मुलीच्या हालचालींवर पहारा बसविणे हा सहभाग नव्हे, आणि पालकांच्या नावाने तसे करणे तर त्याहून वाईट.

तरी महोदयांनी पालकवर्गाची एकच मागणी वरिष्ठांकडे पाठवावी. गावोगावी २६ जानेवारीला आणि १ मे रोजी ग्रामसभा भरतात, आणि या दोन तारखा दुसऱ्या सत्राच्या दोन टोकांना येतात. पहिल्या सभेत परीक्षा अर्जाच्या, शुल्काच्या आणि शिष्यवृत्तीच्या तारखा, आणि दुसऱ्या सभेत, ज्या वेळी ऊसतोड कुटुंबे गावात परतलेली असतात, पुनर्मूल्यांकन, एटीकेटी आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडल्यावर परत येण्याचा हक्क, असे एकेक पान ग्रामपंचायत अधिकाऱ्याने मोठ्याने वाचावे. जे फडावर असतील त्यांच्यासाठी तेच पान कोणीतरी मराठीत बोलून फोनवर पाठवावे, कारण ऐकायला अक्षरओळख लागत नाही. यासाठी कायदा बदलावा लागत नाही आणि अनुदानही लागत नाही. प्राचार्यांनी सही करून ते पान पंचायत समितीकडे वेळेत द्यावे, एवढेच लागते. येत्या सत्रापासून तसे व्हावे, ही विनंती.

आपले नम्र,
असंबंधित
(पालकवर्ग, जिल्हा जालना)