झ झबल्याचा, झ झिदानचा

माझा भाचा दर आठवड्याला फुटबॉलचा संघ विकत घेतो. पैसे खोटे, खेळाडू खरे. प्रीमियर लीगच्या त्या फँटसी खेळात १० कोटी पौंडांत १५ खेळाडू बसवायचे, आणि एका क्लबातले तीनपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. वाण्याच्या यादीकडे कधी ढुंकूनही न पाहणारा हा मुलगा एखाद्या बचावपटूवरचे पाच लाख वाचवण्यासाठी रात्री एकपर्यंत जागतो.

मागच्या पावसाळ्यात लीगला सुट्टी होती आणि भाचा रिकामा. मी म्हटलं, आपण आपला खेळ मांडू. चिठ्ठीत येईल त्या अक्षराने आडनाव सुरू होणारे अकरा जण निवडायचे. आजी-माजी, हयात-दिवंगत, सगळे चालतील. हरणाऱ्याने भजी आणायची.

त्याला 'म' आला. मॅराडोना, मेस्सी, माल्दिनी, मॅथेउस, म्युलर. लेकाला निवडायचं काही नव्हतंच, नुसतं उतरवून घ्यायचं होतं. मला आला 'झ'. बालवाडीपासून या अक्षराला झबल्यापलीकडे कोणी विचारलेलं नाही.

पण वही उघडली आणि माणसं येऊ लागली. गोलमध्ये डिनो झॉफ. १९८२चा विश्वचषक त्याने कर्णधार म्हणून उचलला तो चाळिशीत. मध्यभागी झिदान, त्याच्याबद्दल काय सांगायचं! जोडीला २००४मध्ये ग्रीसला युरो जिंकून देणारा कर्णधार झागोराकिस. डाव्या बगलेला ब्राझीलचा झागालो, उजवीकडे झिको...

"मामा, झिकोचं आडनाव कोइम्ब्रा. बाद."

"बरं, मग झ्लाटान?"

"ते पाळण्यातलं नाव. आडनाव इब्राहिमोविच."

हा पोरगा कुठल्याही सरकारी खिडकीवर शोभेल. झिकोच्या जागी मोरोक्कोचा झियेश घेतला. पुढे चिमुकला झोला आणि चिलीचा झामोरानो. इंटर मिलानमध्ये त्याचा लाडका ९ नंबर रोनाल्डोकडे गेला, तेव्हा या गड्याने १८ नंबर घेतला आणि १ आणि ८च्या मधे बारीकसं अधिकचं चिन्ह काढून घेतलं. एक अधिक आठ, नऊ! मानही राखला आणि हट्टही.

खरी पंचाईत बचावात झाली. कडेला झांब्रोटा आणि झानेत्ती आयते मिळाले, पण मधल्या दोन जागांसाठी तीन रात्री गेल्या. शेवटी कोलंबियाचा झापाटा आणि फ्रान्सचा झूमा सापडले. 'कोणीही घ्या' म्हटलं असतं तर या दोघांची मला आठवणही झाली नसती. मोकळी निवड असली की आपण तेच ते अकरा जण मांडतो. अक्षराची अट पडली की मागच्या बाकावरच्यांना हाक मारावी लागते. शिवाय अक्षराला मेहुणे-पुतणे नसतात. इतकी निःपक्षपाती निवड समिती मी पाहिलेली नाही. नाहीतर झानेत्ती! २०१०मध्ये इंटरचा कर्णधार म्हणून तीन करंडक जिंकूनही त्या वर्षीच्या विश्वचषकाला त्याला नेलं नाही. प्रशिक्षक कोण? भाच्याच्या 'म' संघाचा कर्णधार, मॅराडोना.

माझा संघ पूर्ण झाला आणि भाच्याने शेवटचा घाव घातला. म्हणे, हे 'झ' आपल्या वर्तमानपत्रातले. अर्जेंटिनात झानेत्तीला सानेत्ती म्हणतात. मग त्याच न्यायाने झापाटा आणि झामोरानोही 'स'मध्ये गेले. झॉफ, झोला, झांब्रोटा या इटालियनांचा उच्चार आपल्या 'जावया'तल्या 'ज'चा. उरले पाच, आणि तेही गोलकीपरविना.

भजी मीच आणली. पण वही फाडलेली नाही. मराठीच्या एका अक्षराखाली हे अकरा जण एकत्र आले, याचा मला थोडा अभिमानच आहे.

तुम्हीही एखादं अक्षर घेऊन बसून पाहा, पावसाळी रविवार बरा जातो. फक्त चिठ्ठ्यांमध्ये 'ण' आणि 'ळ' टाकू नका. त्यांच्याकडे राखीव खेळाडूसुद्धा नाही.