प्लगकाढे

लाईट गेली की चारचौघांसारखा मराठी माणूस गॅलरीत जातो आणि समोरच्या बिल्डिंगमध्येही अंधार दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो. प्लगकाढे गॅलरीकडे फिरकत नाहीत. ते फ्रिजकडे जातात. आधी फ्रिज, मग टीव्ही, वायफाय, वॉशिंग मशीन. घरातली बटणं त्यांना अंधारात जपमाळेच्या मण्यांसारखी नुसत्या बोटांनी कळतात. बटण बंद करून त्यांचं भागत नाही, प्लगही उपसून बाहेर लोंबत ठेवावा लागतो. 'आली!' असा घरात गलका झाला की त्यावर त्यांचा आवाज चढतो : 'कुणी हात लावायचा नाही. पाच मिनिटं थांबा.' हे गृहस्थ बहुधा निवृत्त असतात आणि सोसायटीच्या मीटररूमची एक किल्ली बहुधा त्यांच्याकडे असते. घरची मंडळी त्यांना हसतात. हसण्याजोगं त्यांच्यात बरंच आहे, पण ती पाच मिनिटं त्यात मोडत नाहीत.

कारण लाईट जाण्याने यंत्रं फारशी बिघडत नाहीत, बिघडतात ती लाईट येण्याने. फ्रिज बंद पडला तरी कॉम्प्रेसरच्या एका बाजूला गॅसचा दाब चढलेलाच असतो आणि तो दोन्हीकडे सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू पाहते, फिरत नाही, नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तापते. त्यात त्याच क्षणी डीपीवरच्या सगळ्या घरांतले एसी, पंप आणि फ्रिज एकदम जागे होतात, त्यामुळे व्होल्टेज आधी बसतं आणि मग उसळतं. स्टॅबिलायझरमधला टाइम डिले ही पाच मिनिटं मुकाट्याने पाळतो, प्लगकाढे ती बोलून दाखवतात, एवढाच दोघांत फरक. शिवाय ही विद्या त्यांनी फुकट मिळवलेली नाही. 2005 मध्ये वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण कंपनी आली, त्या सुमाराच्या भारनियमनात ती घडली. रोज लाईट जायची आणि रोज यायची, म्हणजे सरावाला तोटा नव्हता. मंडळ जाऊन कंपनी आली, तरी प्लगकाढे तक्रार अजून 'एमएसईबी'कडेच करतात.

यावर नवी पिढी म्हणते, 'आता एमसीबी आहे ना!' आहे, पण एमसीबी करंट मोजतो, व्होल्टेज नाही. डीपीजवळचा न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या घरात 400 च्या आसपासही व्होल्टेज घुसू शकतं, आणि टीव्ही जळून धूर निघेपर्यंत एमसीबी निवांत बसलेला असू शकतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : हल्लीची उपकरणं मुळातच सोशिक असतात. हे खरं आहे. मोबाइलच्या चार्जरवर भिंग लावून वाचावं अशा अक्षरांत '100 ते 240 व्होल्ट' असं छापलेलं असतं, इन्व्हर्टर फ्रिजही आपली मिनिटं आपणच मोजतो. तेव्हा चार्जरसाठी प्लगकाढ्यांनी केलेली धावपळ वायाच जाते, हे मान्य. पण वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा हा सोशिकपणा कामाला येत नाही. कित्येक हजार व्होल्टला बटणातली ती चिमूटभर फट ओलांडणं अवघड नसतं. अशा वेळी उपसून ठेवलेला प्लग बटणापेक्षा कधीही भरवशाचा, आणि तो कडाडण्याच्या आधी उपसणारा माणूस गल्लीत एकच असतो.

त्यांचं चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. टीव्हीचा प्लग ते काढतात आणि गच्चीवरच्या डिशची वायर तशीच ठेवतात. न्यूट्रल तुटतो तो बहुतेक ते झोपेत असताना, आणि जागे असले तरी त्या वेगाला माणसाचा हात पुरत नाही. तिथे व्होल्टेज वाढताच लाईन तोडणारं यंत्रच मेन बोर्डात हवं. पण 'मी आहे ना' म्हणत ते त्या खर्चाला नाही म्हणतात. आणि अर्थिंग! तीन पिनांपैकी वरची पिन मुद्दाम जाड आणि लांब केलेली असते, म्हणजे प्लग खोचताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं. अडगळीतल्या जुन्या दोन भोकांच्या बोर्डात इस्त्री बसावी म्हणून हीच पिन करवतीने कापणारे गृहस्थ पुष्कळदा हेच असतात. यंत्र जपण्याच्या नादात यंत्राला हात लावणाऱ्या माणसाचं संरक्षण गेलं, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. सबंध घराने त्यांना हसावं ते या पिनेसाठी, पण तिच्यावरून कुणी हसत नाही, कारण ती कापलेली कुणी पाहिलेलीच नसते.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेले की मात्र प्लगकाढ्यांची पंचाईत होते. तिथल्या भिंतीवर नुसती सॉकेटं असतात, त्यांच्या शेजारी बटणं नसतात. दोनच दिवसांत ते टोस्टरपासून सुरुवात करतात, आणि रात्री सून गॅरेजमध्ये गाडी चार्जिंगला लावून आली की ते हळूच विचारतात, 'हा प्लग रात्रभर असाच ठेवायचा?'