नाव नोंदवा, निफाडला जाऊ नका

नाव वहीत लिहून घेणे हा नाशिकचा जुना व्यवहार. रामकुंडावरचे तीर्थपुरोहित परगावच्या यजमानाला त्याच्या पणजोबांचे नाव वहीतून काढून दाखवतात. ते नाव तिथे असते, कारण पणजोबा स्वतः तिथवर आलेले असतात. इंटरनेटवरच्या कंपन्यांच्या याद्यांत ही अट काढून टाकली आहे. नवउद्योजकाने या प्रगतीचा पुरेपूर लाभ घ्यावा.

समजा, द्राक्षावर डावणी कधी येणार, भुरी कधी, हे आधीच सांगणारे अ‍ॅप तुम्ही काढले आहे. ऑफिस कॉलेज रोडला, गिऱ्हाईक निफाड-दिंडोरीकडे. पहिले काम म्हणजे तिकडे न जाणे. त्याऐवजी क्रंचबेस, बीटालिस्ट, प्रॉडक्ट हंट अशा मिळतील तेवढ्या याद्यांत कंपनी घालावी. इंडियामार्ट आणि जस्टडायल मात्र जपून. दोन्ही १९९६ पासूनची आहेत, तिथे लोक खरोखर काहीतरी विकत घ्यायला येतात.

परिचय लिहिताना ‘फवारणी कधी करायची ते सांगतो’ असे लिहू नये, वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेद्वारे द्राक्ष-परिसंस्थेत आमूलाग्र परिवर्तन’ असे लिहावे. हाच मजकूर सगळीकडे चिकटवावा. पत्ता आणि फोन नंबर तर अक्षरशः एकसारखेच हवेत, नाहीतर शोधयंत्राला त्या दोन कंपन्या वाटू शकतात. (पूर्ण मार्गदर्शनातला हा एकच सल्ला निमूटपणे पाळण्याजोगा आहे.)

प्रॉडक्ट हंटवर नव्या उत्पादनांना लोक मते देतात, आणि तिथला दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री उजाडतो. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि तिकडची घड्याळे मागे गेली की दीडला. सातपूरला डबे उघडतात तीच वेळ. तेव्हा जेवण आधीच उरकावे आणि नातेवाइकांना फोनजवळ बसवावे. मते थेट मागायची नाहीत असा तिथला नियम आहे, ‘एकदा बघून या’ एवढे म्हणता येते. महापालिकेच्या निवडणुका पाहिलेल्या नाशिककराला यातला फरक समजावून सांगायला नको. तारीख ऑक्टोबर छाटणीत आली तरी हरकत नाही. बागायतदाराला तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते, पण मत देणारे सॅन फ्रान्सिस्कोत असतात आणि त्यांच्याकडे नाशिकची बाग नाही.

अनेक याद्यांतल्या लिंकवर ‘नोफॉलो’ची खूण असते. गूगलने ती २००५ साली आणली. अर्थ एवढाच, की ही लिंक आमची शिफारस समजू नये. पाहुण्यांना पाटावर बसवून ‘हे आमचे कोणी नव्हेत’ असे सांगण्यासारखे. तरीही लिंक मोजत राहावे.

नोंदणीनंतर फोन खणखणू लागेल. वेबसाइट हवी का, कर्ज हवे का, यादीत वर यायचे का? प्रत्येकाला नम्रपणे ‘सर’ म्हणावे. तूर्त तेच तुमच्याविषयी चौकशी करणारे लोक आहेत.

‘स्टार्टअप इंडिया’ची सरकारी मान्यता अगदी शेवटी ठेवावी. २०१६ पासूनच्या या योजनेत पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सूट मिळते, म्हणजे हातात काहीतरी पडते, आणि अशा गोष्टींनी प्रसिद्धीवरचे लक्ष उडते.

पिंपळगाव बसवंतच्या कृषी सेवा केंद्रात, औषध घ्यायला आलेल्या बागायतदारांसमोर अ‍ॅप उघडून दाखवायला कसलाच फॉर्म भरावा लागत नाही. म्हणूनच बहुधा तिकडे कोणी जात नाही.