काय काम काढलं?

महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट १४३९ मीटर उंच आहे. बेन नेविस हा स्कॉटलंडचाच नव्हे, अख्ख्या ब्रिटनचा सगळ्यात उंच डोंगर. तो १३४५ मीटर. म्हणजे सीमाभागातल्या आमच्या बोरगावचं नवं जोडपं ज्या उंचीवर गाडीतून उतरून भाजलेलं कणीस खातं, तिथं पोचायला स्कॉटलंडात डोंगरच शिल्लक नाही. तरी तिकडची माणसं त्या ठेंगण्या डोंगरांवर जन्मभर चालत असतात, आणि आपण पार्किंग लांब पडलं म्हणून ड्रायव्हरशी भांडतो.

गंमत म्हणजे महाबळेश्वरला हवा खायला जायची टूम काढली ती स्कॉटलंडच्याच माणसानं. गव्हर्नर सर जॉन माल्कम हा डम्फ्रीशायरचा. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेला, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ बॅन्फचा. आमचे वाडवडील त्या डोंगरावर कृष्णामाईच्या दर्शनाला जात, डोकं टेकवत आणि खाली उतरत. दरीकडं तोंड करून नुसतं उभं राहायचं, हे या साहेबांनी शिकवलं. पण चालायचं शिकवायचं राहून गेलं.

मुलगी-जावई एडिंबरोला असतात म्हणून आम्ही दोघं तिकडं उन्हाळा काढायला गेलो. उन्हाळा हा शब्द जावयाचा. आम्ही स्वेटर काढला नाही. एका रविवारी जावई म्हणाले, "मामा, चला, पेंटलंडवर फिरून येऊ."

"काय आहे तिथं?"

"डोंगर आहेत."

"डोंगरावर काय आहे?"

"काही नाही."

जावयाला उलट काय विचारणार? मी टोपी घातली. हिनं पिशवीत नारळ टाकला, कारण डोंगर म्हटल्यावर माथ्यावर कुणीतरी बसलेलं असणारच. शहराच्या बसनं डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलो, दोन तास चढलो. वर खरोखरच काही नव्हतं. दगडांची एक रास होती. वाटसरू येता-जाता एकेक दगड टाकून ती वाढवतात म्हणे. हिनं पदर डोक्यावरून घेतला, पर्समधली कुंकवाची डबी काढली आणि वरच्या दगडाला बोट लावलं. नारळ तिथंच फोडला, निम्मी वाटी ठेवली, निम्मी वाटली. मागून आलेल्या एका स्कॉटिश आजीबाईंनी खोबऱ्याचा तुकडा घेतला आणि भुरभुर पावसात डोळे मिचकावत म्हणाल्या, काय सुंदर दिवस आहे! वय ऐंशीच्या पुढंच असावं. दोन हातांत दोन काठ्या. कुठल्या, कुणाच्या, कुठं निघालात, एक अक्षर विचारलं नाही. मला जरा अपमानच वाटला.

तिकडं रस्त्यात भेटलेला माणूस हवेवर बोलतो आणि पुढं जातो. शिवाय शेता-माळातून चालायचा हक्क त्यांना २००३ सालच्या कायद्यानं दिलेला आहे. पिकात घुसू नका, कुणाच्या घराच्या आवारात डोकावू नका, उघडलेलं फाटक लावून घ्या, एवढं पाळलं की कुणाच्याही माळावरून खुशाल जा. हे ऐकून मला आमच्या भागातल्या बांधांची आठवण झाली. एका बांधापायी कोर्टात तिसरी पिढी उभी असते, त्या बांधावरून नुसतं 'मजेखातर' चालणारा माणूस दोन्ही पार्ट्यांना मोजणीदार वाटेल.

डोंगर चढायला कारण लागत नाही म्हणतात खरे, पण तिकडच्यांनीही एक कारण काढून ठेवलंय. सर ह्यू मन्रो नावाच्या गृहस्थानं १८९१ साली तीन हजार फुटांवरच्या स्कॉटिश डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ शिखरं आहेत आणि ती एकेक करून 'खोडत' जाणं हा तिथला मोठा छंद आहे. सगळी शिखरं पहिल्यांदा पुरी केल्याचा मान जातो रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याकडं, साल १९०१. शेवटच्या माथ्यावर त्यानं आधी दगडांच्या राशीचं चुंबन घेतलं आणि मग बायकोचं, असं सांगतात. हे मी घरी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "बघा, तोही आधी देवाच्याच पाया पडला."

समुद्रकाठीही तोच प्रकार. तिकडं नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून समोर बॅस रॉक दिसतो. भर समुद्रातला उभा कातळ, पण उन्हाळ्यात पांढराफटक, कारण गॅनेट पक्ष्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या वस्त्यांपैकी एक त्याच्यावर असते. लोक तो बघत बघत मैलोन्‌मैल काठानं चालतात. आमच्या बाजूची मंडळी आंबोली उतरून मालवणला जातात, तेव्हा गाडी थेट वाळूत रुतेपर्यंत आत नेतात आणि मग माशांच्या ताटावर बसतात. आमच्या बोरगावात जैन-लिंगायत समाज मोठा, मासे वर्ज्य. ही मंडळी समुद्राकडं बघून वरण-भात खाऊन परततात. देखाव्यासाठी समुद्रावर जाणारे खरे तेच.

तर परत आल्यावर मी ठरवलं, आता रोज चालायचं. रमतगमत, कारणाशिवाय, देखावा बघत.

देखाव्याची पहिली अडचण ऊस. बोरगावच्या शिवारात पावसाळा सरला की रस्त्याच्या दोन्ही अंगाला ऊस डोक्याच्या वर जातो आणि कारखाने सुरू होईपर्यंत माणूस हिरव्या बोळातून चालतो. वर आभाळाची एक पट्टी, खाली चिखल, मधून पातीची धार गालाला. फड तुटला की एका रात्रीत अख्खी दूधगंगा नदी समोर येऊन उभी राहते. मळीवरच्या वांग्यापासून पलीकडच्या विटभट्टीपर्यंत सगळं दिसतं. पण तोवर रस्त्यावर डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर सुरू झालेले असतात आणि देखाव्यापेक्षा जीव महत्त्वाचा वाटू लागतो.

दुसरी आणि खरी अडचण माणसं. गावाबाहेर सदलग्याच्या रस्त्याला लागलो तोच एक मोटरसायकल थांबली.

"मास्तर, गाडी पंक्चर झाली काय?"

"नाही."

"मग बसा की."

"नको. चालत निघालोय."

"चालत? काय काम काढलं?"

"काम काही नाही."

तो जरा वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग गाडी बंद केली. बिनकामाचा चालणारा माणूस एकटा सोडून जाणं त्याला बरं वाटेना. त्याला वाटेला लावतोय तोवर मागून दुधाची गाडी, मग रिक्षा. रिक्षावाला कानडीत, "यल्ली होंटीरी, सर?" भाषा बदलली, प्रश्न तोच. या मुलुखात भाषेवरून सत्तर वर्षं वाद चाललाय, पण चालणाऱ्या माणसाला गाडीत कोंबण्याच्या बाबतीत दोन्ही बाजूंची एकी आहे.

त्यांचंही बरोबर आहे. आमच्याकडं माणूस पायी निघतो तो एक तर देवासाठी नाही तर मोर्चासाठी. आषाढीला पंढरपूरची दिंडी. जैन मंडळी कुंभोजच्या बाहुबलीला जातात, नाही तर निपाणीजवळ तवंदी घाटातल्या स्तवनिधीला, जिथं १८९९ साली दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली. पोरं जुलैत भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालतात. त्यातही शिवाजी महाराजांचं आणि बाजीप्रभूंचं नाव आहे. एक नोव्हेंबरला बेळगावात सीमाप्रश्नाच्या काळ्या दिनाची फेरी. या कशातच न बसणारा, हातात काठी घेऊन ऊस बघत जाणारा निवृत्त मास्तर कुठल्या खात्यात घालायचा?

नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली चालण्याचं एक गणित मांडलं. तीन मैलांना एक तास, आणि चढ असेल तर दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. तिकडं आजही ते वापरतात. आमच्या रस्त्याला चढ नावालाही नाही, तरी ते गणित कोलमडतं. ओळखीच्या माणसाला पाच मिनिटं धरा. पाहुण्याला पंधरा. माजी विद्यार्थी भेटला तर वीस, आणि तो सोसायटीचा चेअरमन झालेला असेल तर चहा. नाइस्मिथनं चहा धरलेलाच नाही.

तेवढ्यात घरून फोन. कुणीतरी हिला कळवलं होतं, "वैनी, मास्तर चालत निघाल्यात सदलग्याकडं. घरात काय झालं न्हाई न्हवं?"

मग मी गाव टाळून आडीचा मल्लय्याचा डोंगर धरला. निपाणीपर्यंत बस, पुढं पाय. वारा छान, खाली तंबाखूची रानं, मन कसं मोकळं झालं. माथ्यावर एक म्हातारबा टेकले होते. त्यांनी सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, "नवस कशाचा?" नवस नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा इतका उतरला, की मी थोरल्या नातवाच्या नोकरीचं सांगून टाकलं. नातू बालवाडीत आहे.

शेवटी तोडगा हिनंच काढला. "शुगर हाय म्हणून सांगा. सुटाल."

आणि काय सांगू, मंत्रच तो. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, शुगर आहे," म्हटलं की मोटरसायकल आपोआप पुढं जाऊ लागली. रिक्षावाला हात जोडू लागला. नदीकाठच्या शिवारातून मी एडिंबरोच्या आजीबाईंसारखा निवांत हिंडू लागलो. फक्त दारात पुड्या येऊ लागल्या. जांभळाच्या बियांची पूड, मेथीचे दाणे, कुणी कारल्याचा रस बाटलीत भरून पाठवला. आणून देणारा समोर उभा राहायचा, मी पिईपर्यंत.

परवा गल्लीत वास्तुशांत होती. पंगत बसली, भात झाला, आमटी झाली, आणि हुग्गीची, म्हणजे आमच्याकडच्या खिरीची, बादली आली. जायफळाचा वास, गव्हाचे फुललेले दाणे, वर तुपाची धार. वाढणारा पोरगा माझाच जुना विद्यार्थी. माझ्या ताटाशी आला, पळी उचलली, मला ओळखलं आणि पळी परत बादलीत घातली.

"अरे वाढ, वाढ."

"नको सर. तुमचं सगळं म्हाईत हाय आमाला."

"अरे, मला शुगर नाही!"

शेजारी बसलेल्या अण्णांनी आपल्या ताटातली हुग्गी कालवता कालवता मान हलवली. "पहिल्या वर्षी सगळे असंच म्हणत्यात," म्हणाले.