अंदमानात सूर्य लवकर कामावर येतो

अंदमानला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या सामानात चकली, खाकरे, उलटीच्या गोळ्या आणि अख्ख्या सोसायटीला पुरेल इतकं सनस्क्रीन असतं. ज्या सूर्यासाठी ते घेतलं, त्याचं वेळापत्रक मात्र कुणी पाहिलेलं नसतं. मुंबई साधारण ७३ रेखांशावर, तर पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचं श्रीविजयपुरम, ९३ च्या आसपास. एका रेखांशाला चार मिनिटं धरली, तर सूर्य तिकडे ऐंशी मिनिटं आधी हजर होतो आणि तितकाच आधी घरी जातो. घड्याळ दोन्हीकडे एकच, मिर्झापूरजवळच्या ८२.५ रेखांशावरून लावलेलं. त्यामुळे डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास उगवलेला सूर्य संध्याकाळी पाचच्या आगेमागे मावळतो. आपल्याकडे तेव्हा चहाचं आधणही चढलेलं नसतं. म्हणून हॉटेल कुठलं आणि बोट कुठली यावर खल करण्याआधी घरच्यांचं जेवण, चहा आणि झोप सव्वा तास अलीकडे ओढावी. बाकीचे सगळे सल्ले त्यानंतरचे.

स्वराज द्वीपावरचा राधानगर किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, तिथला सूर्यास्त पाहायलाच माणसं जातात. पण दोनला जेवण, मग 'जरा पाठ टेकतो', मग चहा, मग टोपी कुणाकडे आहे यावर चर्चा, असा रीतसर कार्यक्रम उरकून निघालेल्यांना तिथे काळोखच मिळतो. काळोखात पाण्यात उतरण्याचा विचारही नको. या बेटांच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि त्यांच्या जेवणाच्या वेळा अधिक लवचीक असतात. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांना जायचं तर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ठरावीक वेळी ताफ्यानेच सोडतात, तेव्हा सकाळी लवकरचा ताफा गाठावा. (वाटेत फोटो काढायला बंदी आहे, एवढा एक रस्ता मोबाइल खिशात ठेवून पार पडू शकतो.) शहीद द्वीपावरचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट गाठता येतो. ओहोटी मुख्यतः चंद्राच्या तंत्राने चालते, तेव्हा तिची वेळ रोज वेगळी विचारावी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सुट्टीतही पाचला उठायचं? पण सूर्याच्या हिशेबाने तिथले पाच म्हणजे मुंबईतले सहा वीस, आणि सहा वीसला डोंबिवलीतली अर्धी माणसं आंघोळ उरकून फलाटावर असतात. दुसरा आक्षेप अधिक भारदस्त: एका देशात अशी घरगुती वेळ चालवणं बरं दिसतं का? आसामच्या चहामळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची जुनी प्रथा आहे, आणि त्या चहाला अजून कुणी देशद्रोही म्हटलेलं नाही. मुंबईकरांनी तर हा मुद्दा काढूच नये. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी ३९ मिनिटं मागे असलेली 'बॉम्बे टाइम' या शहराने १९५५ पर्यंत सोडली नाही. तिसरी शंका रास्त आहे, की अशाने बोट चुकेल. तिकिटावरची वेळ सरकारी असते, म्हणून मोबाइलला हात लावू नये; पुढे करायचं ते मनगटावरचं घड्याळ. चुकून त्यावरच विसंबलात, तरी जेटीवर सव्वा तास आधी पोचाल, आणि बोटीत खिडकीची जागा धरायला आपल्याला एरवीही तेवढा वेळ लागतोच.