फिरता ब्लाउजपीस

आमच्या घरात अर्थशास्त्र फक्त मला कळतं, आणि ही गोष्टही फक्त मलाच माहीत आहे. बी.कॉम.ला या विषयात मी काठावर पास झालो. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यापासून भाचीचं लग्न लांबण्यापर्यंत काहीही मी सीमांत उपयोगितेने समजावून देऊ शकतो. पुरवठा भरपूर आहे, मागणी नाही.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1993 साली नाताळच्या भेटींचा हिशेब मांडला. मिळालेली वस्तू तुमच्या लेखी किती रुपयांची, असं त्याने विद्यार्थ्यांना विचारलं (रुपये माझे, डॉलर त्याचे) आणि निष्कर्ष काढला की देणाऱ्याच्या खर्चातला 10 टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत भाग वायाच जातो. हे वाचून मी बायकोच्या वाढदिवसाला साडीऐवजी रोख 2000 रुपये पाकिटात घालून दिले. रात्री तेच पाकीट माझ्या उशाशी आलं. "तुमच्या वाढदिवसाचे. आत्ताच देऊन ठेवते." नासाडी शून्य टक्के. वॉल्डफोगेलला आनंद झाला असता, मला झाला नाही.

पण त्या बिचाऱ्याने आमचा ब्लाउजपीस पाहिलेला नाही. ओटीतले तांदूळ शिजतात, नारळाच्या वड्या होतात, पीस मात्र अमर. शिंप्याची कात्री त्याला कधी शिवत नाही. हळदीकुंकवातला मंगळागौरीला जातो, तिथून डोहाळजेवणाला, तिथून कोणाच्या तरी वन्संकडे नागपूरला. रंग असा की कुठल्याच साडीवर जाऊ नये. तोही मुद्दाम, नाहीतर एखादी शिवून टाकेल आणि चलन बाजारातून बाद होईल. अर्व्हिंग फिशरने 1911 मध्ये पैशाच्या क्रयशक्तीवर पुस्तक लिहिताना भ्रमणवेग धरला तो नोटानाण्यांचा आणि बँकेतल्या ठेवींचाच. नोट निदान मळते तरी! स्टीलचे डबेही असेच फिरायचे, म्हणून धोरणी माणसं देतानाच त्यांवर नाव घालून घ्यायची. नाव पडलं की डबा फिरायचा थांबला. पिसावर नाव घालता येत नाही. त्यामुळे धोका एकच, जिचा तिलाच परत जाण्याचा. त्यासाठी माझी आई प्रत्येक घडीत चिठ्ठी खोचायची: कोणी दिला, कशाचा, कधी.

आई गेल्यावर तिची ट्रंक मी उघडली ती, खरं सांगतो, लेखाला मजकूर मिळेल म्हणून. चिठ्ठ्या तारखेने लावल्या. 2009 च्या श्रावणापर्यंत आवक नियमित, मग एकदम बंद. हा बाजार कशाने बसला, हे कळायला माझ्यासारख्या जाणकाराला चांगला मिनिटभर लागला. त्या भाद्रपदात बाबा गेले होते. पुढेही आमच्याकडे हळदीकुंकू व्हायचं, बायका त्याच यायच्या. आई आत ओट्याशी उभी राहून मसाला दुधाचे पेले भरायची. मी घरातच असायचो. पेल्यांचा ट्रे बाहेर नेऊन द्यायचो आणि कोणाला काही बोलायचो नाही.

त्यानंतरची चिठ्ठी एकच. 'समोरच्या वहिनींनी ऐकलं नाही. संक्रांत 2010.' तिच्याबरोबर कापड नव्हतं. ते आईच्या कपाटात सापडलं, शिवलेलं. मोरपंखी, काखेत विरलेलं, तिच्या एकाही साडीवर न जाणारं.