दम धरा

माझ्या बहिणीचं सासर नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूरपासून दोन-तीन कोसांवर. शिंगणापुरात घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. बहिणीच्या घराला दारं आहेत, चांगली सागवानी आहेत. दार नाही ते तोंडांना. सकाळी चुलीपाशी झालेलं बोलणं दुपारी पारावर ऐकायला मिळतं आणि संध्याकाळच्या एसटीने माझ्यापर्यंत नगरला पोचतं. (नगर म्हणजे अहमदनगर, 2024 पासून अहिल्यानगर. पाटीवर काहीही असो, कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो.)

या घराण्याचा कळस म्हणजे धाकटा भाचा, बारक्या. बोअरला पाणी लागलं नाही ही बातमी पतसंस्थेपासून निदान आठवडाभर लपवायची असं त्याच्या बापाने ठरवलं होतं. बारक्याने ती त्याच दिवशी पतसंस्थेच्या शिपायाला, कुणी न विचारता, चहा पिता पिता सांगितली. थोरल्याला बघायला पाहुणे आले तेव्हा "दादाला चष्माय, पण आत्ता काढून ठेवलाय" हे वाक्य पोह्यांच्या बशांबरोबरच बाहेर आलं. त्याच्या पोटात तीळ भिजत नाही असं म्हणणंही कमीच. तीळ पोटापर्यंत पोचतच नसे.

असा हा मुलगा बारावीनंतर रेडिओग्राफीला गेला. दिवसभर माणसांच्या आत बघायचं आणि बाहेर येऊन चकार शब्द काढायचा नाही, अशा धंद्यात.

विळद घाटातून जाताना किंवा लोणीला गेलं की मेडिकल कॉलेजाच्या आजूबाजूला पांढऱ्या कोटातली पोरंपोरी चहाच्या टपरीवर दिसतात. त्यातली सगळी डॉक्टर होणार असतात असं नाही. बारक्या अशांपैकीच एक. कुठल्या कॉलेजातला ते सांगत नाही, कारण पुढे त्याच्या चुका येणार आहेत. पॅरामेडिकलची पदवी, तीन वर्षं अभ्यास आणि वर इंटर्नशिप. नीटला त्याला किती मार्क पडले ते मात्र त्या घरातून आजतागायत बाहेर आलेलं नाही. त्यावरून काय ते समजा.

गावाला हे शिक्षण समजावणं सोपं नव्हतं.

"डॉक्टर होणार का रं?"

"नाही."

"मग कंपाउंडर?"

"नाही, तात्या. एक्सरे काढणार."

"हां, म्हंजे फोटो!"

तेव्हापासून तो गावात 'फोटोवाला'. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत चुलतबहिणीच्या लग्नात खऱ्या फोटोग्राफरला उशीर झाला, तेव्हा कुणीतरी मोबाइल याच्याच हातात दिला. त्याने सोयऱ्यांची रांग लावली. "हात कमरेवर. कोपरं पुढं. हनुवटी वर. आता मोठा श्वास घ्या… रोखा…" सगळी वऱ्हाडी मंडळी तालुक्याच्या पुढाऱ्यासारखी कमरेवर हात ठेवून, गाल फुगवून उभी. छातीचा फोटो काढताना खांद्याची फरी फुप्फुसावर येऊ नये म्हणून असं उभं करतात, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक! त्यातून किरण पाठीकडून येतो आणि छाती समोरच्या पाटीला टेकलेली असते. नशीब, त्याने नवरदेवाला भिंतीकडे तोंड करायला सांगितलं नाही. "सांगणार होतो," असं तो नंतर म्हणाला.

मी मराठीचा मास्तर. मला या विषयातला एकच शब्द कळतो, तो म्हणजे 'क्ष-किरण'. विल्हेल्म राँटगेन या जर्मन प्राध्यापकाला 8 नोव्हेंबर 1895 रोजी वुर्ट्‌सबुर्गच्या प्रयोगशाळेत हे किरण सापडले. ते काय आहेत ते कळेना, म्हणून बीजगणितातल्या अज्ञातासारखं त्याने त्यांना 'एक्स' म्हटलं. आपलं अज्ञात 'क्ष', म्हणून क्ष-किरण. इतका सुरेख शब्द असून दवाखान्याच्या पाटीपलीकडे त्याला कुणी विचारत नाही. माणसं 'एक्सरे' म्हणतात नाहीतर 'फोटो'. त्याच डिसेंबरात राँटगेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला. त्यात बोटांची हाडं आली आणि अंगठी आली. 1901 साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल त्याला मिळालं. 8 नोव्हेंबर हा आता रेडिओग्राफीवाल्यांचा दिवस. त्या दिवशी बारक्याच्या मोबाइलवर सकाळपासून राँटगेनची दाढी असते. आजीने एकदा ती बघून विचारलं, "हे कुणाचे महाराज?"

आजीच्या गुडघ्याचा एक्सरे त्याने घरी आणून दारातल्या उन्हाला धरून दाखवला. आजीने पुष्कळ वेळ बघितलं. "एवढी नवी नऊवारी नेसून गेले होते मी," ती म्हणाली, "कुठंच दिसंना."

अभ्यास त्याने केला, पण त्याच्या पद्धतीने. किरणांपासून जपायचे तीन नियम आहेत: वेळ कमी, अंतर जास्त आणि मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केलं की किरणांचा जोर निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. हे वर्गात कळल्यापासून बारक्याने ते बापावर लागू केलं. परीक्षेचा निकाल आला की बापापाशी कमीत कमी वेळ थांबायचं, पूर्वी ओसरीच्या पायरीवर बसायचा तो आता दुप्पट लांब गोठ्याच्या मेखेपाशी बसायचं, आणि मध्ये आजी. आजी हा शिशाहून चांगला आडोसा आहे असं त्याचं मत. बाप ओरडायचा तेवढाच ओरडत होता. गोठ्यापाशी पोचेस्तोवर चार आणेच उरत.

हाडांचं पाठांतर मात्र घराला जड गेलं. माणसाच्या अंगात 206 हाडं, त्यातली एकट्या मनगटात आठ. रविवारी मटण झालं की नळीवरून पोरांची मारामारी ठरलेली. बारक्या ती नळी उचलून उजेडाला धरायचा आणि म्हणायचा, "ही फीमर. हे बघा, ग्रोथ प्लेट अजून मिटली नाही, म्हणजे बोकड कोवळं होतं." ताटं अर्धी राहायची. बहीण म्हणाली, "तू होस्टेलला होतास तेच बरं होतं."

तिसरी गोष्ट उजव्या-डाव्याची. फिल्म बघायची ती पेशंट समोर उभा आहे असं समजून. म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे. म्हणून फोटोवर शिशाचं छोटं अक्षर लावतात, उजव्याला आर, डाव्याला एल. बारक्याला स्वतःची जोडी मिळाली ती त्याने दोन महिने दागिन्यासारखी पाकिटात जपली आणि तिसऱ्या महिन्यात त्यातला आर हरवला. शोधताना सगळा विभाग पालथा घातला. तो सापडला एका आजोबांच्या धोतराच्या निऱ्यांत, आणि तोवर आजोबा राहुरी फॅक्टरीच्या स्टॉपवर पोचले होते. या शिक्षणाचा एक परिणाम अजून टिकून आहे. मोटारसायकलवर मागे बसून बारक्या "डावीकडे घ्या" म्हणाला तर कुणाच्या डावीकडे, हे विचारून घ्यावं लागतं.

इंटर्नशिपला लागल्यावर त्याला छातीवर लावायचा बिल्ला मिळाला. आत लहानशा चकत्या असतात. अंगावर किती किरण पडले ते त्या लक्षात ठेवतात. तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत नेऊन तापवल्या की खाल्लेल्या किरणांच्या हिशेबाने उजळतात. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा आहे: पाच वर्षांची सरासरी वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षी 30 च्या वर नाही. बारक्याचा आकडा त्याच्या जवळपासही जात नाही. आजीच्या लेखी तो ताईत, आणि आकडा कमी आला म्हणजे ताईत लागू पडला. बापाच्या लेखी त्याचा उपयोग वेगळा. 'एक्सरेवाल्यांना पोरं होत नाहीत' अशी आवई पंचक्रोशीत आहेच. स्थळाची बोलणी निघाली की पत्रिकेबरोबर बिल्ल्याचा रिपोर्टही दाखवायचा असं त्याने ठरवून ठेवलं आहे.

मी एकदा त्याला कामावर असताना बघितलं, ते सांगायला हवं. उसाचा हंगाम होता. पाथर्डीकडची तोडणी कामगार बाई, ट्रॉलीवरून पडलेली, नवरा बाहेर बैलांच्या काळजीत. बारक्या आधी मान खाली घालून, कानाच्या पाळ्या लाल करून, "मावशी, पाळी वेळेवर आली ना?" हे विचारून मोकळा झाला. पोटात मूल असेल तर कळायला हवं, म्हणून तो प्रश्न विचारावाच लागतो. विसाव्या वर्षी विचारायला सोपा नाही. मग बरगड्यांवर येणाऱ्या मंगळसूत्राचा प्रश्न. ती काढेना. याने वाद घातला नाही. "काढू नका मावशी, नुसतं वर घ्या आणि दातात धरा," म्हणाला. तिने धरलं. करगोटे, ताईत, बंडीतली चिल्लर, जोडवी यांचा जेवढा अभ्यास नगर जिल्ह्यातल्या या पोरांचा होतो तेवढा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसेल.

"आता मोठा श्वास घ्या. दम धरा!"

एवढं म्हणून तो काचेमागे गेला, बटण दाबलं, आणि "सोडा" म्हणायला विसरला, कारण दारात दुसरा पेशंट हाताला फडकं बांधून ओरडत होता. 'दम धरा'चे आमच्याकडे दोन अर्थ. बाईने दोन्ही पाळले. ती श्वास रोखून आणि वाट बघत, दातात मंगळसूत्र धरून उभी. मीच खिडकीतून ओरडलो तेव्हा सुटली. त्यानंतर बारक्या 'सोडा' इतक्या जोरात म्हणतो की बाहेरच्या बाकावरची माणसंही उसासा टाकतात.

तर मुख्य गोष्ट. फोटो काढायचा, पण वाचून दाखवायचा नाही. ते काम रेडिओलॉजिस्टचं. पेशंटने विचारलं तर एकच वाक्य: "रिपोर्ट डॉक्टर देतील." हे वाक्य बारक्याला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा त्याला वाटलं, ही गंमत आहे. एवढं दिसतंय आणि सांगायचं नाही? मोडलेलं हाड तर बैलालासुद्धा कळेल! गावाला तर ते मुळीच पटलं नाही. सुट्टीला आला की दारात पिवळी पाकिटं घेऊन माणसं उभी. "बघ रं जरा, टीबी तर नाही ना?" बारक्या पाकीट हातात घेतो, उजेडाला धरतो, त्याचे ओठ हलतात, गळ्याची घाटी वरखाली होते, आणि मोठ्या कष्टाने वाक्य बाहेर येतं. तात्या म्हणतात, शिकून पोरगं मुकं झालं.

एकदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला. लांबच्या एका पाहुण्याने त्याला बाजूला घेऊन हळूच विचारलं, तुमच्याकडे सोनोग्राफीत ओळखीने काही कळेल का, सुनेचं. बारक्या तिथेच, पंगतीत, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "1994 चा कायदाय, काका. विचारणारासुद्धा आत जातो." पाहुण्याने पुढची पोळी घेतली नाही. गुपित ठेवण्याचं शिक्षण घेत असलेल्या या मुलाने घराण्याचा गुण इतक्या योग्य जागी दुसऱ्यांदा वापरलेला मी बघितला नाही.

यंदा थंडीत माझा खोकला हटेना. डॉक्टरांनी छातीचा फोटो लिहून दिला. मी मुद्दाम बारक्याच्या पाळीत गेलो.

"मामा, वरचं सगळं काढलंत?"

"काढलं."

काढलं नव्हतं. गारठा होता, बंडी ठेवली. कमरेवर हात, कोपरं पुढे, सहा फुटांवर मागे यंत्र. दम धरला, सोडला. मग काचेपलीकडे शांतता. बराच वेळ शांतता. माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं.

तो बाहेर आला. पडदा माझ्याकडे वळवला. बरगड्या, हृदय, आणि डाव्या फुप्फुसावर पांढरीधोप, काठाला बिजागरी असलेली एक लंबगोल वस्तू. चुन्याची डबी. गेल्या आषाढीला मी तंबाखू सोडली, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा माऊलींची शपथ घेतली होती, तीही नेवाशातच.

"परत काढावा लागेल," तो म्हणाला. "बंडी काढा." आणखी काहीच बोलला नाही.

रात्री तो जेवायला आमच्याकडे होता. हिने पुरणाच्या पोळ्या केल्या होत्या. पहिली पोळी वाढतानाच विचारलं, "काय दिसलं रे यांच्या फोटोत?"

बारक्याने माझ्याकडे बघितलं. घाटी वरखाली झाली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"रिपोर्ट डॉक्टर देतील, मामी."

"अरे, मी काय परकी आहे?"

"डॉक्टर देतील," तो म्हणाला, आणि अख्खी पोळी एका घासात कोंबली. तोंडाला शेवटी दार मिळालं, तेही पुरणाचं. मी मनातल्या मनात म्हणालो, दम धर, लेका, दम धर.

ही तूप आणायला आत गेली. त्याने घाईघाईने घास गिळला, माझ्याकडे सरकला आणि अगदी काकुळतीला येऊन पुटपुटला, "मामा, एवढं एक… फक्त आईला सांगू का?"